दोघांनी ओढायची काठी

३ मार्च, सोमवार

बसवाला नाही म्हणाला. तिकीट खिडकीतला माणूस तसा हसतमुख होता. "नऊ फुटी काठी? काका, ही बस आहे, होडी नव्हे! टपावर आता काही बांधत नाहीत. सामानाच्या कप्प्यात मावेल एवढी करून आणा." मग म्हणाला, तुकडे होत नाहीत का तिचे? म्हटलं, होतात. पण सध्या होत नाहीत. त्याने असं काही पाहिलं की मी तिकिटं घेऊन निघालोच.

दोन तिकिटं. एक माझं, एक धाकटीचं. धाकटी म्हणजे बायकोची बहीण. केस पिकले तरी घरात ती धाकटीच. एप्रिलच्या सुरुवातीला वरच्या नदीवर जायचं आहे. दर वर्षी बायको न्यायची, गाडीही तीच चालवायची. नोव्हेंबरात ती गेली. गाडी मी विकली. नदीकाठचं विश्रामगृह मात्र तिने गेल्या वर्षीच सांगून ठेवलं होतं — दोघांच्या नावाने. मी रद्द करायला निघालो होतो. धाकटी म्हणाली, "रद्द करू नका भाऊजी, मी येते. आणि या वेळी नुसते काठावर बसू नका. ताईची काठी आहे की!"

ताईची काठी!

५ मार्च, बुधवार

तिची मासे धरायची काठी जिन्याच्या वळणावर उभी आहे. खालचं टोक पायरीच्या कोपऱ्यात, शेंडा वरच्या कठड्याला टेकलेला. झाडताना मी तिच्याभोवतीने झाडतो.

नदीवर माझं काम एकच असायचं. दिवसभर मी काठावर थर्मास राखत बसायचो. मला कधी काठी हातात घ्यावीशी वाटली नाही, तिनेही कधी आग्रह केला नाही. पण उन्हं उतरली की हाक यायची — "अहो, या! तुमचं काम आलं!" काठीचे दोन तुकडे, मधे एक सांधा. तो सुटायचा नाही. मग आम्ही समोरासमोर उभे राहायचो. सांध्याच्या एका बाजूला तिचा एक हात, माझा एक हात. दुसऱ्या बाजूला तसेच. मी डोळे मिटून जोर लावायचो. "एक, दोन —" टक्! की सुटली. "तुमच्याशिवाय निघत नाही मेली," म्हणायची. दवाखान्यात लोकांचे आखडलेले खांदे आणि गुडघे चालते करायचं तिचं काम. त्या बाईला एक काठी सोडवता येऊ नये, यावरून मी तिला चिडवायचो.

नोव्हेंबरात ती जवळच्या तळ्यावर एकटीच चालत गेली होती. मी कामावर. दुपारी फोन आला. "दमले हो आज. काठी जिन्यात ठेवलीय तशीच. तुम्ही आलात की ओढू." मी आलो तेव्हा ती झोपली होती. उठवलं नाही. मग उठवावंच लागलं. मग दवाखाना. पुढचं सगळं भराभर झालं.

तो सांधा तिने जोडलेला आहे. घरात बाकी सगळ्याला माझा हात लागून गेला — तिचे कपडे, कपाट, चष्मा, गाडीची किल्ली. हा एक राहिलाय. तो मी सोडवणार नाही, दुसऱ्या कोणाला सोडवू देणार नाही. धाकटीला सांगितलंय की अडकलीय. खोटं नाही ते. पण खरं सांगायचं तर मी ओढून पाहिलेली नाही.

तेव्हा नवी घ्यायची. तुकड्या-तुकड्यांची. फार महाग नको.

८ मार्च, शनिवार

तंबू, बूट, दोऱ्या आणि काठ्या विकणारं दुकान. काउंटरमागे एक बाई, चष्मा दोरीने गळ्यात.
"कोणासाठी हवीय?"
"माझ्यासाठी."
"किती वर्षं करताय?"
"अजून नाही."
हसल्या नाहीत. स्टूल पुढे केलं.

प्रवासाच्या काठ्या चार तुकड्यांच्या, सहाच्या, सातच्यासुद्धा. सातवाली मिटली की छत्रीएवढी! मला तीच आवडली. बाई म्हणाल्या, "छान दिसते. पण जितके सांधे तितक्या ढिल्या व्हायच्या जागा. विमानात हातात न्यायची असेल तर सहा-सात. तुम्ही कशाने जाणार?"
"बसने."
"मग चार पुरे. चारच्या पुढे हौस." मग विचारलं, "घरी काहीच नाही?"
"एक आहे. दोन तुकड्यांची."
"अहो, ती नळीत घालून बसमध्ये नेतात की लोक! उगाच खर्च कशाला करता?"
आपलाच माल न विकणारी दुकानदारीण पहिल्यांदा पाहिली. सांगावं लागलं की अडकलीय.
"मग आणा इकडे. आपण दोघं ओढू. चार हात लागले की निघते."

"नको!" म्हणालो. एवढ्या मोठ्याने की बूट घालून बघणारा एक जण एका पायावर तसाच उभा राहिला.

काही न घेता परत आलो.

९ मार्च, रविवार

धाकटीचा फोन. "बर्फ लावून पाहिलात का भाऊजी? आतला तुकडा आकसतो म्हणे." म्हटलं, बघतो.

नाही बघणार.

१२ मार्च, बुधवार

पाऱ्याला कळलंच. पारा म्हणजे कामावर शेजारच्या टेबलावरचा. चढतो पटकन, उतरतोही पटकन. आम्ही दोघं औषधवाल्यांचे नि सराफांचे तराजू तपासतो. तराजू काचेच्या पेटीत, वजन चिमट्यात, श्वाससुद्धा बेताने. नेमक्या अशा वेळी हा विचारतो, "मासे धरायला एवढा विचार? गळ टाक आणि बस!"

समजावलं. गांडूळ नाही, आमिष नाही. जाड दोरी काठीने हवेत मागे-पुढे खेळवायची, टोकाला पिसांची खोटी माशी, ती पाण्यावर अलगद टेकवायची. मासा फसला तर फसला. ती तर पकडलेला परत सोडून द्यायची.

"तासन्‌तास उभं राहायचं, पकडायचं आणि सोडून द्यायचं? मग आपलं ऑफिस काय वाईट आहे!"

माझ्या हसण्याने काटा हलला. सगळं पहिल्यापासून करावं लागलं.

संध्याकाळी त्याने फोनवर एक खोका दाखवला. काठी, रीळ, दोरी, माश्या, पिशवी, सगळं एकत्र, एका काठीच्या निम्म्या भावात. मी बघतो म्हणेपर्यंत याने मागवलाही! "घरी बसून विचार केलास तर एप्रिल संपेल तुझा," म्हणाला.

१६ मार्च, रविवार

खोका आला. सहा तुकडे, आणि वर एक टोपी भेट. टोपी पाऱ्याने ठेवून घेतली.

धाकटीला घेऊन शाळेच्या मैदानावर गेलो. शिकायचं ते गवतावर, टोकाला गळाऐवजी लोकरीचा तुकडा बांधून. धाकटी ताईकडूनच शिकली; तिची स्वतःची चार तुकड्यांची काठी आहे. जोडतानाच लक्षात आलं — एक सांधा घट्ट, दुसरा सैल, तिसरा अर्ध्यावरच थांबतो. सांध्याच्या दोन्ही बाजूंना ठिपके असतात, ते एका रेषेत यायला हवेत. इथे एक ठिपका पूर्वेला, एक पश्चिमेला. वजनांच्या पेटीत असलं एक वजन निघालं तर आम्ही अख्खी पेटी परत पाठवतो.

"मारून तर बघा," धाकटी म्हणाली.

मागे नेली, पुढे आणली — आणि वरचे दोन तुकडे गेले की उडून! थेट गोलपोस्टपाशी.

"भाऊजी! ताई मासे सोडायची, तुम्ही काठीच सोडलीत!"

हसत हसत ती खाली बसली. तिचं हसणं बहिणीसारखं आहे, शेवटाला एक उचकी लागते. ती उचकी आली. मग तिने नाक पुसलं. मी गोलपोस्टपाशी जाऊन तुकडे उचलले. यायला जरा वेळच लावला.

१७ मार्च, सोमवार

खोका परत पाठवला. पारा म्हणतो, टोपी देणार नाही.

१९ मार्च, बुधवार

पुन्हा बाईंच्या दुकानात. मैदानावरची हकीगत सांगितली. "टोपी होती का बरोबर?" त्यांनी विचारलं. म्हणजे खोक्याची ख्याती आहे!

मग त्यांनी नीट बसवून सांगितलं. स्वस्त घ्या, पण स्वस्ताई कुठे केलीय ते बघून घ्या. काठी ठेवायची नळी साधी चालेल. दोरी ओवायच्या कड्या साध्या चालतील. रीळ तर नुसतं दोरी गुंडाळायला, त्यावर पैसे घालू नका. सांध्यांवर मात्र कंजुषी केलेली नको. आणि मोडला तर तेवढाच तुकडा मिळतो का, हे आधी विचारा. दोन तुकड्यांची मोडली तर अर्धी गेली, चारची मोडली तर पाव.

महागड्या काठीत काय जास्त मिळतं, विचारलं.
"हातात धरलीत तर कळेल थोडं. बाकी शब्द मिळतो. कधीही मोडू दे, बदलून देऊ. ज्यांना पुष्कळ जायचंय त्यांनी घ्यावी. तुम्ही किती जाणार?"
"एकदाच."
"सगळे असंच म्हणतात."

तीन काठ्या जोडून दिल्या. तिन्ही चार तुकड्यांच्या. मला बरं वाटलं ते सांधे तपासताना. ते माझ्या कामासारखं आहे. तुकडा आत सरकताना कुठे अडतो, कुठे पोकळ लागतो, हे बोटांना कळतं. महागडीचे उत्तम. सगळ्यात स्वस्त काठीचा एक सांधा शेवटी जरा डुगडुगला. मधलीचे तिन्ही चोख. मधली जरा मऊही आहे, शेंड्यापासून मुठीपर्यंत वाकते. नवशिक्याला मऊ बरी, बाई म्हणाल्या, घाई केली तरी सांभाळून घेते. "तुमच्या घरातली कशी आहे? मऊ की ताठ?"

मला त्या काठीचा मधला हातभर भागच माहीत आहे.

निघताना त्या म्हणाल्या, "पण ती अडकली कशी? सांध्याला मेण लावत नव्हता का?"
"बायको लावायची. मेणबत्तीचं थोटूक असायचं तिच्या पेटीत. घट्ट बसावं म्हणून."
"घट्ट बसतं, आणि सुटतंही. दोन्हीसाठी लावतात. मेण लावलेली सहसा अडकत नाही."
"आमची अडकायची. दर वेळी. मी स्वतः ओढलीय!"
"वाळूचा कण जात असेल," बाई म्हणाल्या. गिऱ्हाइकाशी वाद घालायचा नाही अशा आवाजात.

दर वेळी वाळू?

२२ मार्च, शनिवार

मधली घेतली. गेल्या वर्षीचा रंग, म्हणून बाईंनी कमी लावले. नळीला एक पोचा आहे, त्याचे आणखी कमी. पोच्याने मासे बिचकत नाहीत म्हणाल्या.

घरी आणून कुठे ठेवावी कळेना. जिन्यात नाही ठेवली. स्वयंपाकघरात ओट्याखाली ठेवली.

२३ मार्च, रविवार

मैदान. धाकटी शिकवते ते तिच्या ताईच्या शब्दांत. "कोपर खिशाला शिवलंय समजा." "मनगट झोपू द्या." आणि सारखं एकच, "थांबा! मागे गेलेली दोरी पुरती सरळ होऊ द्या. मगच पुढे. तुम्ही थांबतच नाही भाऊजी."

मी! जन्मभर काट्याची वाट बघत बसणारा माणूस!

शेवटी एकदा जमलं. दोरी मागे उलगडल्याचं पाठीला कळलं. न बघता. हातात एक हलकीशी ओढ आली. मग पुढे सोडली तर लांब, सरळ गेली.

म्हणजे तिला दिवसभर हे मिळत होतं. मला वाटायचं, उभं राहून कंटाळा कसा येत नाही.

३० मार्च, रविवार

तिची पेटी उघडली. माश्या, कात्री, एक सुटं बटण. मेणबत्तीचं थोटूक. त्यावर आडवे चर पडलेत, काठी फिरवून फिरवून. बोटाएवढंच उरलंय. खिशात टाकलं.

जिन्यातली काठी पुसली. खालून सांध्यापर्यंत, मग वरून सांध्यापर्यंत. सांधा सोडून.

४ एप्रिल, शुक्रवार

बसस्टँडवर तोच हसतमुख माणूस. "काका, नऊ फुटी कुठाय?" पिशवीतली नळी दाखवली. "आता कसं शहाण्यासारखं!" धाकटी म्हणाली, तुमची ख्याती इथेही? मी खिडकीशी बसलो. वाटेवर प्रत्येक पुलाशी बायको गाडीचा वेग कमी करून पाणी बघायची, मागचे हॉर्न वाजवायचे. बस कुठेच थांबली नाही.

विश्रामगृहाच्या वहीत दोघांची नावं होती. तिथल्या माणसाने धाकटीला बाईसाहेब म्हणून नमस्कार केला. मग नीट पाहिलं, आणि खाली बघून किल्ली दिली. त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

५ एप्रिल, शनिवार

दिवसभर पाण्यात. गुडघ्याएवढं, बर्फासारखं. माशी दोनदा झाडात गेली, एकदा माझ्या टोपीत. मासा नाही. एक वर येऊन माशी बघून गेला, दुकानात भाव विचारून जातात तसा.

लिहायचं ते वेगळंच आहे. उन्हं उतरली. मी काठावर आलो आणि हाक मारली, "धाकटे, ये गं, ओढायला!"
"काय ओढायला?"
"काठी. सांधे."
"मेण लावलंय ना? मग कशाला हवी मी?" आणि बोलता बोलता तिने आपले तिन्ही सांधे सोडवले, शेंगा सोलाव्या तसे.

मी माझा पहिला धरला. डोळे मिटून घेतले होते, सवयीने. जोर लावायच्या आत सुटला. आवाजही नाही झाला. दुसरा, तिसरा, तसेच. चार तुकडे हातात घेऊन उभा होतो.

नव्या काठ्या अशाच असतील.

६ एप्रिल, रविवार

एक मिळाला. तळहातभर. अंगावर ठिपके. धाकटीने ओरडून नदी डोक्यावर घेतली. पाण्यातच धरला, गळ काढला, हात उघडला. क्षणभर तिथेच थांबला आणि मग गेला.

मला रडू आलं. धाकटी दुसरीकडे बघत दोरी गुंडाळत राहिली. फार चांगली मुलगी आहे.

७ एप्रिल, सोमवार

परत आलो. बसमध्ये धाकटी खांद्यावर मान टाकून झोपली. मी विचार करत होतो.

मधल्या वारी बायको एकटीच तळ्यावर जायची. वर्षानुवर्षं. मी कामावरून यायचो तेव्हा काठी नळीत बंद असायची, नळी दाराआड. दोन तुकडे करून. तेव्हा कोण ओढत होतं?

हे मला आजवर सुचलं नाही! मला कोणी विचारलं असतं तर छातीठोकपणे सांगितलं असतं की ती माझ्याशिवाय निघत नाही.

तळ्यावर कोणी ना कोणी असेल मदतीला. असेलही. नाहीतर —

धाकटीला विचारता येईल. नाही विचारणार. ओढली की कळेल. पण ओढली की तिने जोडलेलं उरणार नाही. घरात मग असं काहीच उरणार नाही. जिन्याखाली बराच वेळ उभा होतो.

"तुम्ही आलात की ओढू." तेव्हा मी आलो, पण तिला उठवलं नाही.

८ एप्रिल, मंगळवार

आज नाही.

९ एप्रिल, बुधवार

कामावरून आलो, चपला काढल्या, जिना चढलो. खालचं टोक कोपऱ्यात होतंच. सांध्याच्या वर एक हात ठेवला. म्हटलं, "एक, दोन —" आणि नुसता उचलला. सुटली.

आवाज झाला नाही. टक् ती तोंडाने करायची.